शाबरी विद्येचे विद्यार्थी

मंत्रविद्या शिकविणारी एक शाळा असावी, जन्मतःच कांहीं अद्भुत शक्ति लाभलेलीं मुलें तिच्यांत दाखल व्हावींत, आणि त्यांचीं भांडणें, मैत्री, परीक्षा व संकटें यांची मिळून एक मोठी कादंबरी व्हावी, ही कल्पना आज घरोघरच्या मुलांस इतकी परिचयाची झाली आहे कीं, तिला कांहीं पूर्वपीठिका असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. रोलिंगबाईंच्या 'हॅरी पॉटर' मालेचा पहिला भाग १९९७ सालीं इंग्लंडांत निघाला व सातवा २००७ सालीं. भोपाळच्या मंजुल प्रकाशनानें ही माला मराठींत आणली, आणि पहिल्या भागाला नांव दिलें 'हॅरी पॉटर आणि परीस'. मूळ इंग्रजी नांवांत तत्त्वज्ञाचा दगड आहे. त्यासाठीं मराठींत नवा शब्द घडवावा लागला नाहीं. परीस आमच्या भाषेंत होताच.

सुशिक्षित घरांत या मालेविषयीं बोलणें निघालें म्हणजे एक विधान हमखास कानीं पडतें. तें असें कीं, आमच्या मुलांना देण्यासारखें असलें अद्भुतरम्य वाङ्मय मराठींत कधीं झालेंच नाहीं. आमच्याकडे एक तर पुराणें, नाहीं तर बोधकथा. हें विधान आम्हांस अर्धेंच खरें वाटतें. अलौकिक जन्माचा मुलगा, त्याला शोधून काढणारा गुरु, खडतर अध्ययन, सहाध्यायांची ईर्षा, विद्येचा नकळत झालेला उपयोग व त्याचे परिणाम, हें सारें मराठींत दोनशें वर्षांपूर्वींच ओवीबद्ध होऊन बसलें आहे. आणि त्या परंपरेंतील दोन मुख्य स्थळें, सप्तशृंग व ब्रह्मगिरि, आम्हां नाशिककरांना सकाळीं निघून संध्याकाळीं परत येतां येईल इतकीं जवळ आहेत. मग तें मुलांचें वाङ्मय कां झालें नाहीं, हा खरा प्रश्न होय.

प्रथम शाळेचा विचार करूं. कारण या इंग्रजी कादंबऱ्यांत नवें असें जें आहे तें जादू नव्हे, शाळा होय. जादू शिकविणाऱ्या शाळेची लोककथा युरोपांत जुनीच आहे. ट्रान्सिल्व्हेनियाच्या डोंगरांत सैतान स्वतः दहा विद्यार्थ्यांना विद्या शिकवितो, नऊ जण घरीं परततात व दहाव्याला तो आपली फी म्हणून ठेवून घेतो, अशी तिकडची समजूत. ब्रॅम स्टोकरनें 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरींत तिचा उल्लेख केला आहे. स्पेनमधील सालामांका या विद्यापीठाच्या गांवींहि एका गुहेविषयीं अशीच कथा सांगतात. तेथें विद्यार्थी सात. या दोन्ही कथांत शाळा ही भयाची जागा आहे. आपल्या मुलानें तेथें जावें असें कोणालाहि वाटणार नाहीं.

शाळेविषयीं ममत्व उत्पन्न केलें तें निराळ्याच जातीच्या पुस्तकांनीं. टॉमस ह्यूजेसचें 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. रग्बी येथील वसतिशाळेंतल्या मुलांचे खेळ, दांडगाई, शिक्षा आणि मैत्री हा त्याचा विषय. त्यानंतर इंग्लंडांत शालेय कथांचें पीकच आलें. वसतिगृहांची आपसांतली चढाओढ, सामने, वर्षाअखेरची परीक्षा, एखादा खाष्ट मास्तर व एखादा थोर मनाचा हेडमास्तर, हा सारा साचा तेव्हांचा. १९६८ सालीं अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांनीं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या पुस्तकांत रोक नांवाच्या बेटावर जादूगारांची शाळा वसविली. १९७४ सालीं जिल मर्फी यांनीं 'द वर्स्ट विच'मध्यें चेटूक शिकणाऱ्या मुलींची वसतिशाळा रंगविली. रोलिंगबाईंचें यश असें कीं, गुहेंतली गुप्त विद्या आणि रग्बीचें वसतिगृह हे दोन प्रवाह त्यांनीं पुरतेपणीं एकत्र आणले, व पहिल्यांतलें भय दुसऱ्याच्या उबेनें सोसण्याजोगें केलें.

असली वसतिशाळा नाशिकला अगदींच अपरिचित होती असें नाहीं. देवळालीच्या माळावर १९२५ सालीं बार्न्स शाळा आली, आणि इंग्रजी पद्धतीचीं वसतिगृहें, 'हाउसें' व मैदानें तिच्याबरोबर आलीं. पुढें १९३७ सालीं डॉ. मुंजे यांनीं भोंसला मिलिटरी स्कूल काढलें, तेंहि वसतिगृहाचेंच. परंतु सर्वसाधारण मराठी मुलगा पाटीदप्तर घेऊन सकाळीं शाळेंत जातो आणि रात्रीं आईच्या हातचें जेवतो. ज्या शाळेंतून रोज घरीं परतावयाचें, तिच्यांत साहसें घडावयास वेळच कोठें उरतो? आमच्याकडे विद्येसाठीं घर सोडणें म्हणजे शाळेंत जाणें नव्हे, गुरूच्या मागें जाणें. आणि हा गुरु एका जागीं बसणारा असेलच असें नाहीं. म्हणून आमच्या मंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांची कथा इमारतींत घडली नाहीं. ती वाटेवर घडली.

'श्रीनवनाथभक्तिसार' हा ग्रंथ धुंडिसुत मालु कवीनें शके १७४१ मध्यें, म्हणजे इ. स. १८१९ सालीं, पुरा केला. पेशवाई बुडून तेव्हां नुकतेंच वर्ष लोटलें होतें. चाळीस अध्याय आणि सुमारें ७,६०० ओव्या असा त्याचा विस्तार आहे. गोरक्षाच्या 'किमयागार' नांवाच्या काव्याला धरून आपण लिहितों असें कवि अध्यायाच्या शेवटीं पुनः पुनः सांगतो. किमयागार म्हणजे हिणकस धातूचें सोनें करणारा. तेव्हां परिसाचें आणि या पोथीचें नातें जुनेंच म्हणावयाचें. ही पोथी इतिहास म्हणून मात्र वाचूं नये. मत्स्येंद्र व गोरक्ष यांचा काळ अभ्यासक साधारणतः दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान धरतात, आणि रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनीं नाथसंप्रदायाचा जो इतिहास जुळविला त्यांत व मालु कवीच्या कथेंत पुष्कळ अंतर आहे. मालु कवि गोष्ट सांगतो. नऊ नारायणांनीं नऊ नाथांच्या रूपानें जन्म घेतला ही त्याची चौकट. त्या चौकटींत तो इतकी गर्दी करतो कीं वाचणाऱ्यास धाप लागावी.

नाथांतला पहिला मच्छिंद्र. माशाच्या पोटांत असतांनाच त्यानें शंकराचा उपदेश ऐकला, पुढें दत्तात्रेयाचा अनुग्रह घेतला, आणि तीर्थें हिंडत हिंडत तो सप्तशृंगीला आला. वणीजवळचा तो गड, अठरा हातांची ती देवी, हीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर आहेतच. तेथें मच्छिंद्राच्या मनांत आलें कीं, लोकांच्या उपयोगीं पडेल अशी मंत्रविद्या आपण रचावी. देवी प्रसन्न झाली, तिनें त्याला मार्तंड पर्वतावर नेलें, आणि ज्याच्यावर नाना देवतांचा वास आहे असा एक झळकणारा नागवृक्ष दाखविला. त्या देवतांचे वर मिळवून मच्छिंद्रानें जी विद्या सिद्ध केली तीच शाबरी विद्या.

शाबरी मंत्रांचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. वैदिक मंत्रांसारखे ते शुद्ध संस्कृतांत नसतात. देशी बोलींतले शब्द, मध्येंच अर्थ न लागणारे उच्चार, आणि शेवटीं गुरूची आण, असें त्यांचें मिश्रण असतें. आणि ते म्हणावयास मुंज व्हावी लागत नाहीं. हॉगवर्ट्सच्या मुलांना जादू करावयाची तर मोडकीतोडकी लॅटिन घोकावी लागते, म्हणजे तिकडची जादू विद्वानांच्या मृत भाषेंतच राहिली. आमच्या नाथांनीं ती चुलीपाशीं व गोठ्यांत बोलल्या जाणाऱ्या भाषेंत आणली. ही बाब किरकोळ नाहीं. ब्रह्मगिरीकडे वळूं तेव्हां तिचा उपयोग होईल.

आतां विद्यार्थी. एका निपुत्रिक ब्राह्मण स्त्रीला मच्छिंद्रानें विभूति दिली व मुलगा होईल असें सांगितलें. शेजारणींनीं तिच्या मनांत शंका घातली, आणि तिनें ती विभूति उकिरड्यावर टाकून दिली. बारा वर्षांनीं नाथ परत आला व मुलगा कोठें आहे म्हणून विचारूं लागला. बाई घाबरली, तिनें खरें सांगितलें. नाथानें उकिरड्यापाशीं उभें राहून हांक मारली, आणि आंतून बारा वर्षांच्या मुलानें ओ दिली. तो गोरक्ष. हॅरी पॉटर जिन्याखालच्या कोठडींत वाढतो व अकराव्या वर्षीं त्याला शाळेचें बोलावणें येतें. गोरक्ष उकिरड्यांत वाढतो व बाराव्या वर्षीं गुरु स्वतः त्याला नेण्यास येतो. जगानें टाकून दिलेल्या जागींच गुणी मूल सांपडावें, ही आवड दोन्हीकडे सारखीच दिसते. इतर नाथांचे जन्महि असेच. कोणी यज्ञकुंडांतून निघाला, कोणी हत्तीच्या कानांतून, कोणी रेवेच्या वाळूंत सांपडून शेतकऱ्याच्या घरीं वाढला. रोलिंगबाईंच्या शाळेंत रक्ताच्या शुद्धतेवरून केवढी तेढ माजते! पोथींत तिला वावच नाहीं. उकिरड्याचें कूळ कोण विचारणार?

गुरुसेवेची परीक्षा लवकरच होते. भिक्षेंत आलेला वडा गुरूला आवडला म्हणून गोरक्ष आणखी एक मागण्यास त्याच घरीं जातो. घरधनीण म्हणते, गुरूवर एवढी भक्ति असेल तर डोळा काढून दे. तो देतो. मच्छिंद्र पुढें त्याचा डोळा पूर्ववत् करतो, हें खरें. तरी ही कथा लहान मुलांना सांगतांना आम्हांस नेहमीं अवघड वाटतें. गुरूसाठीं डोळा काढून देणें हा आदर्श आजच्या मुलासमोर ठेवावा काय? आमचें मत, ठेवूं नये. पण त्याबरोबर हेंहि म्हणतों कीं, ट्रान्सिल्व्हेनियाचा सैतान दहावा विद्यार्थी सबंध ठेवून घेतो, आणि आमचा गुरु डोळा परत देतो.

सगळ्यांत सुंदर प्रसंग कनकगिरीचा. संजीवनी मंत्राचा पाठ करीत गोरक्ष एका बाजूस बसला आहे. गांवचीं मुलें चिखल कालवून खेळत आहेत. त्यांनीं गाडी केली, आतां तिच्यावर बसावयास गाडीवान हवा. तो कोणालाच जमेना, म्हणून सगळीं गोरक्षाकडे आलीं. त्यानें माती हातांत घेतली. हात बाहुला घडवीत आहेत, तोंडानें पाठ चालूच आहे. बाहुला पुरा होतो न होतो तोंच तो रडूं लागला. मुलें भूत भूत म्हणून ओरडत पळालीं. मच्छिंद्रानें येऊन पाहिलें तों प्रत्यक्ष एक नारायण त्या मातींत उतरलेला. तें मूल गांवांतील एका ब्राह्मण दांपत्याच्या स्वाधीन केलें गेलें व पुढें गहिनीनाथ या नांवानें प्रसिद्ध झालें.

अभ्यासाचा धडा घोकतां घोकतां अनवधानानें केवढें तरी कार्य होऊन बसावें, ही कल्पना ज्याला सुचली त्या कवीला मुलांचें मन ठाऊक होतें. इंग्रजी कादंबऱ्यांतहि चुकून उच्चारलेल्या मंत्राचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण बहुधा त्यांतून घोटाळा होतो व शिक्षा होते. येथें त्यांतून एक गुरु निपजतो. आणि तो मातींत खेळणाऱ्या पोरांच्या हट्टानें निपजतो. त्यांनीं गाडीवान मागितला नसता तर नऊ नाथांत एक उणा राहिला असता.

सहाध्यायांची ईर्षा पहावयाची तर गोरक्ष व कानिफ यांची भेट वाचावी. कानिफ हा जालिंदराचा शिष्य, थाटामाटानें शिष्यपरिवार घेऊन हिंडणारा; गोरक्ष एकटा. वाटेंत गांठ पडली. कानिफानें आपल्या अस्त्रविद्येनें झाडावरचीं फळें खालीं आणून दाखविलीं. गोरक्ष म्हणाला, ठीक. आतां तींच पुनः झाडाला लावून दाखीव. तें कानिफाला साधेना. गोरक्षानें तें केलें. तोडण्याची विद्या आणि जोडण्याची विद्या यांतला भेद मालु कवीनें एका आंबराईंत दाखवून दिला, आणि त्यावर भाष्य म्हणून एक अक्षर खर्चिलें नाहीं. ल ग्विनबाईंच्या पुस्तकांतहि दोन विद्यार्थ्यांची अशीच चढाओढ आहे. तींत नायक गर्वानें मृतात्म्याला हांक मारतो आणि त्याबरोबर एक काळी छाया जगांत येते. आमच्या कथेंत छाया येत नाहीं, पण त्याहून झोंबणारें कांहीं येतें. रागाच्या भरांत दोघे एकमेकांच्या गुरूंचें काढतात. कानिफ सांगतो, तुझा गुरु स्त्रीराज्यांत राणीच्या महालीं विलास भोगीत पडला आहे. गोरक्ष सांगतो, तुझा गुरु गोपीचंद राजानें घोड्याच्या लिदीखालीं पुरून टाकला आहे. दोघांनाहि आपल्या गुरूचा पत्ता लागत नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या टोमण्यांतून तो लागला. मग भांडण तेथेंच टाकून दोघे दोन दिशांना निघाले.

येथून पुढें कथा जें वळण घेते तें आम्हांस पोथींतलें सर्वांत मोलाचें वाटतें. गोरक्ष स्त्रीराज्याच्या वाटेला लागतो. राणीच्या दरबारीं नाचगाण्याला निघालेल्या कलावंतिणीच्या ताफ्यांत तो मृदंग वाजविणारा म्हणून शिरतो, आणि भर दरबारांत त्याच्या मृदंगांतून गुरूचें नांव व आपण आल्याची वर्दी असे बोल उमटूं लागतात. मच्छिंद्र ते ओळखतो. ज्यानें शाबरी विद्या रचिली तोच ती विसरून बसला आहे, आणि त्याला जागें करण्यास शिष्याला यावें लागतें. परत येतांना गुरूच्या झोळींत सोन्याची वीट असते, व चोराचें भय वाटून तो पुनः पुनः रस्त्याची चौकशी करतो. शिष्य ती वीट गुपचुप फेंकून देतो, झोळींत दगड ठेवतो, आणि गुरु रागावला तेव्हां डोंगराचा डोंगर सोन्याचा करून दाखवितो. नगरकडचा गर्भगिरि तो हाच, असें परंपरा मानते. सोन्याची विद्या ज्याला येते त्याला सोन्याचें भय उरत नाहीं. ती ज्यानें शिकविली त्याला मात्र उरलें होतें.

इंग्रजी शालेय कादंबऱ्यांत गुरूची अशी फजिती सहसा होत नाहीं. डंबलडोरच्या तरुणपणींची चूक सातव्या भागांत उघडकीस येते, हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु तोंपर्यंत तो मरून गेलेला असतो, व ती चूकहि फार जुनी. विद्यार्थ्यानें जिवंत गुरूला हात धरून परत आणावें, त्याचा मान राखावा, आणि तरीहि त्याची वीट फेंकून द्यावी, हा नाजूक प्रसंग तिकडे आमच्या वाचनांत आलेला नाहीं. वसतिशाळेंत हेडमास्तर बदलतां येतो. गुरु बदलतां येत नाहीं, म्हणून त्याला सुधारावें लागतें.

ब्रह्मगिरीपाशीं ही कथा पोथींतून इतिहासाच्या उजेडांत येते. ज्ञानेश्वरीच्या शेवटीं ज्ञानेश्वरांनीं आपली गुरुपरंपरा सांगितली आहे: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ति. ग्रंथाचा काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. परंपरा असें सांगते कीं, विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असतां वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली, आणि निवृत्ति एकटाच चुकून एका गुहेंत शिरला. गुहेंत गहिनीनाथ होते. म्हणजे चिखलाच्या गाडीवर बसविण्यासाठीं घडविलेला तो गाडीवान त्र्यंबकच्या रानांत वाट चुकलेल्या मुलाचा गुरु झाला, आणि त्या मुलानें आपल्या धाकट्या भावाला जें दिलें त्यांतून मराठीचा सर्वांत मोठा ग्रंथ निर्माण झाला.

शाबरी मंत्रांच्या भाषेचा मुद्दा आम्ही मघाशीं राखून ठेविला होता तो येथें उपयोगीं पडतो. मंत्र लोकांच्या बोलींत असावा असें ज्या पंथाला वाटलें, त्याच पंथाच्या शिष्यानें गीता लोकांच्या बोलींत आणली, हा केवळ योगायोग आम्हांस वाटत नाहीं. फरक इतकाच कीं, शिष्याच्या हातीं येईपर्यंत विद्येंतला चमत्काराचा भाग गळून गेला होता. चांगदेवाची कथा हेंच सांगते. चौदाशें वर्षांचा तो योगी कोरें पत्र पाठवितो, त्याला उत्तर म्हणून पांसष्ट ओव्या जातात. वाघावर बसून तो भेटीला येतो, तेव्हां हीं भावंडें बसल्या भिंतीला चालवितात. एवढा चमत्कार होतो खरा, पण तो वाघ उतरविण्यापुरता. त्यानंतर चांगदेव शिष्य होतो तो मुक्ताबाईचा, म्हणजे पोरवयाच्या मुलीचा. इतका म्हातारा विद्यार्थी आणि इतकी लहान गुरु कोणत्या इंग्रजी कादंबरींत आहे, हें कोणीं आम्हांस सांगावें.

निवृत्तिनाथांची समाधि (१२९७) त्र्यंबकेश्वरींच आहे, व पौष वद्य एकादशीला तेथें मोठी यात्रा भरते. नाथपंथी जोगीहि या गांवाला अद्याप विसरलेले नाहींत. बारा वर्षांनीं सिंहस्थ आला म्हणजे ते येथें जमतात आणि येथूनच त्यांची झुंडी मंगळुराजवळच्या कद्री मठाकडे पायीं निघते. २०१५ च्या सिंहस्थांत निघालेली झुंडी कांहीं महिन्यांच्या प्रवासानंतर १६ सालीं तेथें पोंचली व मठाच्या नव्या राजाला गादीवर बसविण्यांत आलें. चालत शिकणाऱ्यांची शाळा अजून चालतेच आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. मालु कवीची पोथी पुरी झाली त्यानंतर दहा वर्षांच्या आंत मराठी मुलांसाठीं छापील पुस्तकें निघूं लागलीं. १८२८ सालीं सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीति' व 'बाळमित्र' हीं प्रसिद्ध झालीं. एक ग्रीकांची, दुसरें मूळ फ्रेंचांचें, आणि दोन्ही बोधपर. शाळाखात्यानें मुलाला बोध दिला, आणि अद्भुत तें देवघरांत राहिलें. मध्यंतरीं तें प्रौढांच्या कादंबरींत डोकावून गेलें: हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८). कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी भाषेंतील सुरस गोष्टी मराठींत आणल्या, त्याहि याच सुमारास. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं कादंबरीला घराघरांतलें दुःख पहावयास शिकविलें, आणि अद्भुताची उतरंड लागली. याबद्दल हरिभाऊंना दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. तें दुःख कोणीं तरी सांगावयास हवेंच होतें.

मुलांच्या बाबतींत हीच वृत्ति अधिक खोल गेली. वा. गो. आपटे यांचें 'आनंद' मासिक १९०६ पासून निघूं लागलें, त्यांत गंमत होती, गोष्टी होत्या. परंतु मराठी मुलाच्या शिक्षणाचें जें पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वाचलें गेलें तें 'श्यामची आई', आणि तें लिहिलें गेलें आमच्या नाशिकच्या तुरुंगांत, १९३३ च्या फेब्रुवारींत, अवघ्या पांच दिवसांत. साने गुरुजींच्या त्या पुस्तकांत गुरु आई आहे, शाळा घर आहे, आणि जादू मुळींच नाहीं. तें थोर पुस्तक आहे, व त्याच्या जागीं दुसरें कांहीं बसवावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण सप्तशृंग व ब्रह्मगिरि यांच्यामध्यें असलेल्या या शहरांतून मुलाला मिळालेलें सर्वांत मोठें पुस्तक निखळ वास्तवाचें असावें, हें नोंदण्यासारखें आहे खास.

खरें कारण याहून निराळें आहे, आणि तें श्रद्धेंत आहे. हॉगवर्ट्सचा मंत्र मुलगा मोठ्यानें म्हणतो तेव्हां घरांत कोणी दचकत नाहीं. तो खोटा आहे हें सर्वांस ठाऊक असतें, आणि तो खोटा असल्यामुळेंच त्याच्याशीं खेळतां येतें. नवनाथांची पोथी सोंवळ्यानें वाचतात. तिच्या शेवटच्या अध्यायांत, कोणत्या अध्यायाच्या पठणानें कोणतें संकट टळतें व काय लाभ होतो, याची फलश्रुति दिली आहे. गाडीवानाच्या गोष्टीचा अध्याय मग गोष्टीसाठीं वाचला जात नाहीं, फळासाठीं वाचला जातो. आणि जेथें फळ मागावयाचें तेथें हंसतां येत नाहीं, मध्येंच थांबवून हें कसें झालें म्हणून विचारतां येत नाहीं. श्रद्धाळू घरांत ही गोष्ट मुलाला अशी बंद झाली.

दुसऱ्या प्रकारच्या घरांत ती निराळ्या रीतीनें बंद झाली. मंत्रतंत्राच्या नांवावर भोळ्या माणसांची लूट होते, प्रसंगीं जीवहि जातात, हें पाहून सुधारक कुटुंबांनीं पोथी माळ्यावर टाकली. त्यांचें चुकलें असें कोण म्हणेल? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजीं झाला, आणि अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम महाराष्ट्रांत त्याच वर्षाच्या अखेरीस मंजूर झाला. अशा प्रांतांत मुलाच्या हातीं मंत्राची पोथी देतांना विचारी आईबाप बिचकले तर नवल नाहीं. एका घरानें ती खरी मानली म्हणून, आणि दुसऱ्यानें ती कोणाला तरी खरी वाटेल या भयानें, दोन्ही घरांनीं ती मुलापासून दूर ठेविली. मग ती जागा स्कॉटलंडांतल्या एका काल्पनिक शाळेनें भरून काढली. यांत त्या शाळेचा दोष नाहीं; ती चांगली शाळा आहे, आणि आमच्या मुलांनीं तिच्यांत खुशाल जावें.

तथापि पोथींतली गोष्ट आज मोकळी करतां येण्यासारखी आहे. गद्य कथासार बाजारांत पुष्कळ मिळतात, पण ते मोठ्यांच्या पारायणाची सोय म्हणून लिहिलेले, घाईचे, आणि फलश्रुति न सोडणारे. गोष्टीसाठीं गोष्ट सांगणारा लेखक हवा. त्याला बरेंच गाळावें लागेल. स्त्रीराज्याहून आणलेल्या मीननाथाला गोरक्ष धुण्याच्या दगडावर आपटतो आणि मग संजीवनीनें उठवितो, तो प्रसंग दहा वर्षांच्या मुलासाठीं नव्हे. डोळ्याच्या कथेविषयीं आमचें मत वर दिलेंच आहे. पण उकिरड्यांतून ओ देणारा मुलगा, पुनः देठाला लागलेलीं फळें, मृदंगांतून निघालेली हांक, आणि झोळींतल्या विटेच्या जागीं ठेविलेला दगड, एवढ्या भांडवलावर चांगलें दोनशें पानांचें पुस्तक होईल. त्याचा आरंभ कनकगिरीच्या चिखलांत खेळणाऱ्या मुलांपासून करावा, आणि शेवट त्र्यंबकच्या रानांत, वाघाला भिऊन निवृत्ति ज्या गुहेंत शिरला तिच्या तोंडाशीं.